सीएचओ व्हायचंय? आधी हे वाचा

नर्सिंगच्या मुली मला नेहमी विचारतात, "ताई, सीएचओ कसं व्हायचं?" मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. परीक्षेचं सगळेच सांगतात, म्हणून ते थोडक्यात सांगते आणि रुजू झाल्यावरचं जास्त.

बी.एस्सी. नर्सिंग हवं, नाहीतर बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीयूएमएस (युनानी). महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर जाहिरात निघायची वाट बघू नका, आजच करा. कागदपत्रं तपासताना कुणी थांबत नाही. सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षणही लागतं. ज्यांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्येच तो अभ्यासक्रम आलाय, त्यांना ते वेगळं करावं लागत नाही. नोकरी कंत्राटी आहे. आमच्या वेळी मानधन महिना २५,००० आणि कामाप्रमाणे १५,००० पर्यंत, असं होतं. उपकेंद्र निवडताना नुसता डांबरी रस्ता बघू नका. राहायला खोली आणि पाणी आहे का, तिथल्या आशाताई किती वर्षांपासून आहेत, हेही विचारून घ्या.

गावात पहिल्याच आठवड्यात लोक "डॉक्टरीणबाई" म्हणायला लागतील. तिथंच सांभाळायचं. बीपी-शुगरचं औषध प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सुरू करतात. पुढच्या गोळ्या देणं, दर महिन्याला तपासणं, बिघडलं तर वर पाठवणं हे आपलं काम. शंका आली की ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ल्याच्या सेवेवर, डॉक्टरांना जोडून घ्या, पेशंटसमोरच. त्यानं मान कमी होत नाही.

बीपी मोजणं सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. म्हातारी शेतातून चालत येते आणि आल्या आल्या हात पुढं करते. तिला पाच मिनिटं टेकू द्या. चोळीची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला आवळते आणि आकडा चुकतो, म्हणून आडोशाला नेऊन बाही काढायला लावा. हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा. मोजताना "सूनबाई कशी आहे?" विचारू नका, तीही बोलणार आणि बीपी वाढणार. १४०/९० च्या वर आलं तर थोडं थांबून पुन्हा मोजा.

आता आपल्या भागातलं. पहिल्या वर्षी चाळिशीच्या एका बाईचं बीपी १७०/१०० निघालं. गोळ्या सुरू झाल्या, मी महिन्याच्या दिल्या आणि "पुढच्या महिन्यात या" म्हणाले. दिवाळी झाली आणि तिची टोळी सांगलीकडं ऊसतोडीला गेली. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, ती आली तेव्हा लकव्यानं कोयता धरणारा हात वर उचलत नव्हता. "गोळ्या सरल्या बाई, तिकडं कुणाला मागायच्या?" तिला जायचंय कधी, हे मी विचारलंच नव्हतं. ती चूक माझी.

तेव्हापासून गणपती उठले की मी आशाताईंसोबत यादी करायला बसते. कुणी कोणत्या मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय, टोळी कोणत्या कारखान्याला जाणार आणि त्यातले बीपी-शुगरचे कोण. तीस वर्षांवरचे जे तपासायचे राहिलेत त्यांना तेव्हाच गाठायचं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून जमतील तितक्या महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या. सोबत एक कार्ड, त्यावर औषधाचं नाव, डोस, शेवटचं बीपी, अधिकाऱ्यांची सही आणि आपला फोन नंबर. ते दाखवून उसाच्या फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मागता येतात. गरोदर बाई असेल तर तिचं माता-बाल कार्डही बोचक्यात गेलंय ना, ते बघा.

कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच द्या. कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, पहाटेचं दव गळतं आणि शाईपेनाचं अक्षर महिन्याभरात फिसकटतं. मी बॉलपेननंच लिहिते.