ट्रकचा मार्ग मोबाईलच्या नकाशावर आखताय? या चुका टाळा

रात्री साडेनऊला ड्रायव्हर मामांचा फोन आला. "साहेब, म्होरं बंधारा हाय. गाडी घालू का नको?" दहाचाकी गाडी, वर पशुखाद्याची भरती आणि समोर आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. मोटारसायकल किंवा एखादी छोटी कार जाईल एवढीच वरची वाट. नकाशा मात्र 'सरळ जा' म्हणत होता, कारण त्याच्या लेखी तो रस्ताच होता. दोन्हीकडं ऊस उभा, गाडी फिरवायला जागा नाही. मामांनी किन्नराला (गाडीवरच्या मदतनिसाला) बॅटरी देऊन मागं उभं केलं आणि दीडेक किलोमीटर रिव्हर्स घेत गाडी मुख्य रस्त्याला आणली. यात मामांची काहीच चूक नव्हती. मार्ग मी आखला होता, आठ किलोमीटर वाचतात म्हणून.

त्या रात्रीनंतर आमच्या डिस्पॅचच्या (गाड्या पाठवण्याच्या) टेबलावर बरंच बदललं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडून माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

नकाशाला तुमची गाडी माहीत नसते

गुगल मॅप्समध्ये कारचा मार्ग मिळतो, दुचाकीचा मिळतो. ट्रकसाठी वेगळा पर्याय नाही. म्हणजे तो दाखवतो ती वाट कारची आणि वेळही कारचीच. ट्रकसाठी ओएसएमअँड हे ॲप वापरून पाहा. संगणकावर आखणी करत असाल तर ओपनरूटसर्व्हिसमध्ये अवजड वाहनाचा वेगळा पर्याय आहे. तिथं गाडीची उंची, रुंदी, लांबी, एकूण वजन आणि एका आसावरचा (ॲक्सलवरचा) भार भरता येतो.

हे आकडे भरतानाच पहिली गफलत होते. वजनाच्या रकान्यात लोक नुसत्या मालाचं वजन टाकतात. तिथं गाडी धरून एकूण वजन हवं. २०१८ च्या सुधारित नियमांनुसार तीन आसांच्या दहाचाकीला ते २८.५ टनांपर्यंत जातं. उंची आरसी बुकातली टाकू नका. माल भरून, ताडपत्री बांधून झाल्यावर टेप लावा आणि तो आकडा टाका. आणि रकाना मीटरचा आहे की फुटांचा, ते आधी बघा. मीटरच्या रकान्यात १२ फूट म्हणून १२ भरलं, तर उंचीची नोंद असलेला प्रत्येक पूल बाद होतो आणि गाडी उगाच लांबून फिरते. मार्ग विचित्र लांब आला की आधी हेच तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीची मापं बिनचूक भरली तरी रस्त्याची मापं नकाशात असायला हवीत ना? आपल्या भागात बहुतेक ठिकाणी ती नसतात. पुलाची उंची नोंदलेली नसेल तर सॉफ्टवेअर तिथं अडथळाच नाही असं धरून चालतं. गावाच्या तोंडाशी असलेली स्वागत कमान, गल्लीवर लोंबणारी विजेची तार, यातलं त्याला काही दिसत नाही. कोल्हापूर शहरात रेल्वेच्या परीख पुलाखालून कार जाते म्हणून नकाशा तीच वाट काढतो. ट्रकसाठी ती वाट नव्हेच. त्यामुळे नोंद सापडली नाही याचा अर्थ 'तपासायचं बाकी आहे' असा घ्या, 'जाऊ शकतो' असा नको. उपग्रहाच्या चित्रात शेवटचे दोन किलोमीटर मोठे करून बघा, कमानीची सावलीसुद्धा कधीकधी दिसते. मग ग्राहकाला एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडं याआधी दहाचाकी आली होती का, आणि कुठून?"

बंधाऱ्यांचं आम्ही वेगळंच केलं. आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला नकाशावर लाल खूण केली आणि आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते तुकडे 'टाळायचे' म्हणून आखून ठेवले. एका दुपारचं काम होतं.

पिन चुकली की सगळं चुकलं

"माल बावड्याला टाका," असा निरोप येतो. कसबा बावडा शहरातच आहे, गगनबावडा पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला. शिरोलीचंही तेच: पुलाची शिरोली हातकणंगल्यात, शिरोली दुमाला करवीर तालुक्यात. नाव टाइप करून पहिलं उत्तर उचलू नका, ग्राहकाकडून व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागवा. तेही तो गोदामासमोर उभा असताना. घरी बसून पाठवलेल्या लोकेशननं आमची गाडी एकदा ग्राहकाच्या वाड्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

अक्षांश-रेखांशाची यादी सॉफ्टवेअरमध्ये टाकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोल्हापूर साधारण १६.७० उत्तर, ७४.२४ पूर्व. काही सॉफ्टवेअर आधी अक्षांश घेतात, काही आधी रेखांश. उलटं पडलं तर तुमचा थांबा नॉर्वेच्या वरच्या समुद्रात जातो. ही चूक निदान लगेच दिसते. दुसरी लपून बसते: १६ अंश ४२ मिनिटं म्हणजे १६.७०, पण लोक १६.४२ लिहितात. मग पिन तीसेक किलोमीटर दक्षिणेला, मुरगूडच्या बाजूला सरकते. तिथंही गावं आहेत, रस्ते आहेत, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

ऑफिसातला मार्ग ड्रायव्हरच्या फोनवर तसाच पोचत नाही

संगणकावर निळी रेघ माउसनं ओढून तुम्ही मार्ग वळवता आणि लिंक पाठवता. फोनवर ती उघडली की बऱ्याचदा ॲप नव्यानं हिशेब करतं आणि तुमचं वळण गायब होतं. म्हणून रेघ ओढण्याऐवजी ज्या चौकातून गाडी जायलाच हवी तो मधला थांबा म्हणून टाका. थांब्यांचा क्रमही तुम्हीच लावा, गुगल मॅप्स तो आपणहून लावून देत नाही. वळण चुकल्यावर ॲप नवी वाट काढतं, ती पुन्हा कारची असते. ड्रायव्हरला सांगून ठेवा: रेघ बदलली तर गाडी बाजूला घ्यायची आणि फोन करायचा. आम्ही बिल्टीसोबत (मालाच्या पावतीसोबत) एक चिठ्ठीही देतो, त्यावर चौकांची नावं ओळीनं लिहिलेली असतात. घाटात रेंज जाते तेव्हा तीच कामाला येते. शिवाय ऑफलाइन नकाशा निघण्याआधी उतरवून घ्यायचा.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणं बदलत असतात. सेवा रस्ता आणि पूल शेजारी शेजारी असले की जीपीएसला पाच-दहा मीटरचा फरक कळत नाही. तिथं आवाजावर जाऊ नका, पाटी वाचा.

ऋतू

साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या मागं गाडी अडकते. नकाशाच्या वेळेत ठोकताळ्यानं भर घालण्यापेक्षा आपल्याच जीपीएसमधल्या मागच्या हंगामाच्या फेऱ्या काढा आणि त्या वेळा वापरा. पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. लहान बंधारे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात, आणि २०१९ व २०२१ ला तर शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. कोकणात जाणाऱ्या गाडीला निघण्याआधी घाटाची चौकशी हवीच. करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बंद झाला होता, आणि भुईबावडा घाट अरुंद आहे. फोंडा किंवा आंबा घाटानं फिरावं लागलं तर किलोमीटर वाढतात, मग ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत बघा. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. वाढवायची असेल तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते.

तरीही गाडी अडकली तर

ॲप 'पुढून वळा' म्हणेल. पुढं जाऊ देऊ नका. गाडी जागेवर उभी, धोक्याचे दिवे चालू, ड्रायव्हरचं लाइव्ह लोकेशन तुमच्याकडं. उपग्रहाच्या चित्रात मागची फिरण्याची जागा तुम्ही शोधा: शाळेचं पटांगण, दूध संकलन केंद्रापुढची मोकळी जागा, कारखान्याचा वजनकाटा. किन्नर मागं उभा राहिल्याशिवाय रिव्हर्स नाही. जागा नसेल तर ग्राहकाला सांगून दोन छोटे हत्ती (लहान टेम्पो) मागवा आणि माल तिथंच उतरवा. भाडं अंगावर येईल, ते तुम्ही सोसा. ड्रायव्हरच्या पगारातून कापू नका. आणि ती जागा त्याच रात्री लाल खुणांच्या यादीत टाका.