कसरतीचं आरसी विमान: पंख, शेपटी, मोटर, सगळं शून्य अंशात

आरसी म्हणजे रिमोटनं उडवायचं छोटं विमान. त्यातल्या शिकाऊ विमान आणि कसरतीचं विमान यांतला फरक फोम कापायच्या आधी समजून घ्या. शिकाऊ विमानाचे पंख टोकांकडे वर उचललेले असतात, पंखाचं पोट सपाट आणि पाठ फुगीर असते. रिमोटच्या काड्या सोडल्या की ते आपोआप सावरतं. कसरतीच्या विमानाला हे सावरणंच नको असतं. ते उलटं केलं तर उलटंच उडत राहिलं पाहिजे, आडवं केलं तर आडवंच. म्हणून त्याचा पंख वरून-खालून सारखा, दोन्ही बाजूंचे पंख एका सरळ रेषेत आणि पंख, आडवी शेपटी, मोटरचा शाफ्ट हे तिन्ही एकमेकांशी शून्य अंशात, म्हणजे समांतर. असं विमान तुम्ही सांगाल तेवढंच करतं. बांधणीत काही वाकडं राहिलं तर त्याचंही तेवढंच ऐकतं, आणि मग प्रत्येक लूप (हवेतला उभा गोल फेरा) एकीकडे कलतो.

अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरी-बोअरच्या मोटरी, कूलरचे पंप, पंखे हे रोजचं काम. संध्याकाळी त्याच टेबलावर मी विमानं बांधतो. इथं सांगतो ते विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ९५ सेंटिमीटर, पंखाची रुंदी सरासरी २५ सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन ४५० ते ५०० ग्रॅम. पहिलं कसरती विमान म्हणून हेच माप मला योग्य वाटतं. यापेक्षा लहान विमान वाऱ्यात फडफडतं, मोठ्याचा खर्च एकदम चढतो.

फोम ६ मिलिमीटर जाडीचा, डेप्रॉन नावाचा हलका शीट घ्या. एक चौरस मीटरचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरतं. फ्लेक्स-बॅनरवाल्याकडचं सनबोर्ड तालुक्याला सहज मिळतं, पण ते पीव्हीसीचं असतं आणि डेप्रॉनपेक्षा कित्येक पट जड. त्याचं विमान उडेल, कसरत करणार नाही. ईपीपी हा रबरासारखा लवचीक फोम आदळला तरी तुटत नाही, फक्त त्याला कार्बनच्या काड्या जास्त लावाव्या लागतात.

सपाट शीटचा पंख वरून-खालून आपोआप सारखाच असतो, ही या पद्धतीची मोठी सोय. पंख आणि धडाचा आडवा भाग एकाच पातळीत, आणि त्यावर-त्याखाली धडाचे उभे भाग काटकोनात चिकटवायचे. टेबलावर जाड काच टाका. लाकडी टेबलाला पोक असतो, काचेला नसतो. पंखात आडवी चीर पाडून ३ बाय १ मिलिमीटरची कार्बन पट्टी उभी बसवा, समोरच्या कडेला गोल काडी. उभे भाग सुताराच्या गुण्यानं तपासत चिकटवा. मग पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या मधल्या बिंदूपर्यंत दोरा लावून पाहा. दोन्हीकडचं अंतर सारखं आलं पाहिजे. नाही आलं तर डिंक ओला आहे तोवरच हलवा. शेवटी धडापासून पंखाला १ मिलिमीटर कार्बन काडीचे तिरपे आधार द्या. हे आधार दिसायला किरकोळ असतात, पण पंख पिळला जाणं तेच थांबवतात.

हलणारे भाग मोठे ठेवायचे. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या) पंखाच्या पूर्ण लांबीचे, ७ सेंटिमीटर रुंद. आडव्या शेपटीचा निम्मा भाग एलेव्हेटर, तो नाक वर-खाली करतो. बिजागरी टेपची: वरून पारदर्शक पॅकिंग टेप, खालची कड ४५ अंशांत तासलेली. साधी सेलोटेप आपल्या एप्रिलमध्ये वाळून सुटते, ती वापरू नका.

चिकटवण्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपल्या हवेत इथंच घोळ होतो. साधं फेविक्विक डेप्रॉनला विरघळवतं. टोल्युइन असलेले रबरी डिंक आणि स्प्रे पेंटही तेच करतात. फोमला चालणारा सायनो (फेविक्विकच्याच जातीचा डिंक) मागवा, नाही तर पाच मिनिटांचा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा डिंक) वापरा. ग्लू गनचा गरम डिंक झटपट आणि स्वस्त, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात ठेवलेल्या वस्तूचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं. त्या उष्णतेत गरम डिंक पुन्हा मऊ होतो. म्हणून मोटरचा माउंट, सर्व्हो (हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि कार्बन पट्ट्या यांना इपॉक्सीच. ग्लू गन फक्त रिसीव्हरची (विमानातला, रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) वायर जागेवर धरायला. बांधलेलं विमानही उन्हात आडवं ठेवू नका, डेप्रॉन वाकतो आणि केलेला सगळा सरळपणा वाया जातो.

आता मोटर. माझा भाचा अमरावतीला डिप्लोमा करतो. त्यानं विचारलं, “मामा, २२०० केव्हीची घेऊ का? तिच्यात जास्त ताकद असन ना?” नाही रे बाप्पा. केव्ही म्हणजे एका व्होल्टला रिकामी मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा, ताकदीचा त्याच्याशी थेट संबंध नाही. बाजारात सर्रास मिळणारी ए२२१२ मोटर पाहा. आतला स्टेटर (तार गुंडाळलेला स्थिर भाग) २२ मिलिमीटर व्यासाचा, १२ मिलिमीटर उंच. तीच मोटर १३ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) असली की १००० केव्ही, १० टर्नची १४०० आणि ६ टर्नची २२००. टर्न आणि केव्ही यांचा गुणाकार दर वेळी १३-१४ हजारांच्या घरात येतो. वाइंडिंगवाल्याला हे लगेच पटतं: कोअर तोच, चुंबक तेच, टर्न कमी केले की स्पीड वाढतो आणि करंटही जास्त ओढला जातो. कसरतीत विमान नाक वर करून जवळपास जागेवर उभं राहतं. तिथं मोठा पंखा (प्रॉपेलर) सावकाश फिरवून भरपूर हवा मागे लोटणं कामाचं. म्हणून १००० केव्ही, तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) आणि १० बाय ४.५ इंचाचा प्रॉपेलर. ही जोडी ८०० ग्रॅमच्या आसपास खेच देते. विमान ५०० ग्रॅमच्या आत राहिलं तर ते सरळ वर चढतं. खेच वजनाच्या दीडपट असावी, त्याखाली कसरतीत मजा नाही.

ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) ३० अँपिअरचा घ्या. मोटरच्या तीन वायरी त्याच्या तीन वायरींना कशाही जोडा, उलटी फिरली तर कोणत्याही दोन अदलाबदल करा. थ्री फेज पंप उलटा फिरल्यावर शेतकरी जे करतो, तेच इथं. करंट मोजायला मात्र वॅटमीटर किंवा डीसी क्लॅम्प लागतो. आमच्या दुकानातला नेहमीचा क्लॅम्प मीटर एसी वाचतो, बॅटरीच्या वायरीवर तो शून्य दाखवेल आणि तुमचा गैरसमज होईल. या मोटरची जास्तीची मर्यादा बहुतेक विक्रेते १२ अँपिअर, ६० सेकंद अशी लिहितात. तेव्हा पूर्ण थ्रॉटल (मोटरला द्यायचा जोर) सरळ वर चढताना थोडा वेळ द्यायचा, पूर्ण वेळ नाही.

बॅटरी १३०० एमएएचची, ११० ग्रॅमच्या आसपास. २२०० ची घेऊ नका, साठ-सत्तर ग्रॅम वजन वाढतं आणि विमान आळशी होतं. बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणारा) १ सी, म्हणजे क्षमतेएवढ्या करंटनं, इथं १.३ अँपिअरनं चार्ज करा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, आणि उडवून झाल्यावर सेल ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका. पाच मिनिटांचा टायमर लावला की हे सांभाळलं जातं. लाइन नसली तरी अडत नाही: छंदाचे बरेच बॅलन्स चार्जर १२ व्होल्ट डीसीवर चालतात, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावता येतात. चार्जिंगला लागलेली लिपो सोडून मात्र जायचं नाही, आणि गाडीच्या डिक्कीत उन्हात तर अजिबात ठेवायची नाही. फुगलेली लिपो वापरातून काढा.

९ ग्रॅमचे चार सर्व्हो: दोन एलेरॉनला, एक एलेव्हेटरला, एक रडरला (उभ्या शेपटीचा हलणारा भाग). आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर आणा, मगच सर्व्होचा आर्म काटकोनात बसवून स्क्रू घट्ट करा. पुशरॉड (सर्व्हो आणि हलणारा भाग जोडणारी काडी) लावताना हॉर्नची (हलणाऱ्या भागावरचा छोटा दांडा) छिद्रं बिजागरीच्या बरोबर वर आली पाहिजेत. ती मागे-पुढे झाली तर एलेरॉन वर जेवढा जातो तेवढा खाली जात नाही. रिमोटमधला सबट्रिम (सर्व्होचा मध्य किंचित सरकवणारी सेटिंग) हा शेवटचा बारीक हात आहे, वाकडा आर्म झाकायचं साधन नव्हे. पुशरॉडच्या छिद्रात खुळखुळ नको. बोटानं एलेरॉन हलवला आणि सर्व्हो न हलता तो हलला, तर तेवढी ढिलाई हवेत राहणारच. लांब पुशरॉड मध्ये वाकतो, त्याला धडावर एक-दोन ठिकाणी नळीचा आधार द्या.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनलचा पुरेसा. फ्लायस्काय एफएस-आय६ बऱ्याच जणांकडे असतो. त्यात चॅनलचा क्रम एलेरॉन, एलेव्हेटर, थ्रॉटल, रडर असा असतो. पुढचं सगळं काम प्रॉपेलर काढूनच करायचं. ईएससी कॅलिब्रेट करा: थ्रॉटल पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप ऐकू आले की थ्रॉटल पूर्ण खाली. मग दिशा तपासा, विमानाच्या मागे उभं राहून. काडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. एलेव्हेटरची काडी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे तर मागची कड उजवीकडे. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) थ्रॉटल शून्य ठेवा आणि ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का ते डोळ्यानं पाहा.

दोन रेट ठेवा. रेट म्हणजे काडी पूर्ण नेली की भाग किती अंश हलतो, आणि एक्स्पो म्हणजे मध्याजवळ काडीचा परिणाम सौम्य करणारी सेटिंग. पहिल्या उड्डाणाला कमी: एलेरॉन १५ अंश, एलेव्हेटर १२, रडर २५, आणि २५ टक्के एक्स्पो. जास्तीचा रेट नंतरचा: सगळं ४० ते ४५ अंश आणि एक्स्पो ५० ते ६० टक्के. एक्स्पोचं अधिक-उणे चिन्ह कंपनीगणिक बदलतं. पडद्यावरची रेघ पाहा, मध्याजवळ ती आडवी व्हायला हवी. उलट झालं तर मध्यावरच विमान भडक होतं.

गुरुत्वमध्य पंखाच्या समोरच्या कडेपासून ७ सेंटिमीटरवर आणा. बॅटरी पुढे-मागे सरकवून तो जमवायचा, नाकात शिसं कोंबून नाही. दोन बोटांवर पंखाखाली धरलं की विमान समतोल राहिलं पाहिजे. बाजूचा तोलही पाहा: नाक आणि शेपटी धरून उचला, एक पंख पडत असेल तर दुसऱ्याच्या टोकाला टेपचे तुकडे लावा.

जागा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं यंत्र मॉडेल या वर्गात येतं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपलं गाव हिरव्या पट्ट्यात आहे का ते त्याच दिवशी पाहा. हिरव्यात मर्यादा ४०० फूट. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळाच्या आसपास हा हिशेब बदलतो, आणि पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या बाजूला विमान न्यायचं नावही काढू नका. गावाबाहेरची ई-क्लास (सरकारी चराईची) जमीन मला सगळ्यात आवडते, गवतावर विमान मऊ उतरतं. पऱ्हाटी उपटलेलं वावर मोकळं दिसतं खरं, पण काळ्या मातीच्या भेगांत चाकं अडकतात. म्हणून मी चाकं लावतच नाही, हातानं सोडतो आणि पोटावर उतरवतो. कृषिपंपाच्या ११ हजार व्होल्टच्या लाइनी आणि कठडा नसलेल्या विहिरी आधी पाहून ठेवा. वर पाहत पळायचं नाही, एका जागी उभं राहून उडवायचं. विमान दुसऱ्याच्या वावरात पडलं तर कुंपणाच्या तारेला हात लावण्याआधी झटका मशीन चालू आहे का ते विचारा, आणि उभ्या हरभऱ्यातून दोन ओळींमधल्या तासानं जा. बघायला जमलेले पोट्टे आपल्या पाठीमागे उभे करा. प्रॉपेलरच्या रेषेत कोणीही नको.

वेळ सकाळी सूर्य वर येण्याआधीची. नऊनंतर तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठू लागते आणि ट्रिम (काड्या सोडल्यावर विमान सरळ जावं म्हणून केलेली बारीक जुळणी) नीट समजत नाही. वाऱ्याकडे तोंड करून, दोन-तृतीयांश थ्रॉटल देऊन सरळ सोडा. उंची घ्या, अर्ध्या थ्रॉटलवर काड्या सोडून ट्रिम करा. मग उलटं करून पाहा. उलट्या स्थितीत एलेव्हेटर थोडासा पुढे ढकलावा लागत असेल तर गुरुत्वमध्य बरोबर आहे. खूप ढकलावा लागला तर बॅटरी अर्धा सेंटिमीटर मागे. न ढकलता नाक वर जात असेल तर पुढे.

यानंतर पूर्ण थ्रॉटलवर सरळ उभं चढवा. प्रॉपेलरची फिरती हवा उभ्या शेपटीला डावीकडून लागते, त्यामुळे विमान डावीकडे कलतं. कललं तर खाली उतरवून माउंटच्या डाव्या बाजूच्या दोन स्क्रूंखाली पातळ वॉशर घाला, शाफ्ट उजवीकडे एक-दोन अंश वळेल; वर-खाली तो शून्यातच राहू द्या. पुन्हा चढवा, पुन्हा पाहा. ही रेषा सरळ झाल्याशिवाय जास्तीच्या रेटला हात लावू नका. ती जमली की लूप, रोल (पुढे जाताना स्वतःभोवती पूर्ण फेरा), स्टॉल टर्न (सरळ वर चढून वेग संपताच रडरनं वळून खाली येणं) याच क्रमानं, तीन माड उंचीवर. हॉवर (जागेवर उभं राहणं) त्यानंतर, आणि तोही आधी उंचावरच: नाक वर, थ्रॉटल निम्म्याच्या वर, रडर आणि एलेव्हेटरचे छोटे छोटे टोले. विमान खचायला लागलं तर पूर्ण थ्रॉटल द्या, ते आहे त्या दिशेनं वर निघतं.