छंद म्हणून धातुकाम: पहिला क्लॅम्प हातात येईपर्यंत

धातुकाम शिकायचं ठरवलं आणि मी सगळ्यात आधी अँगल ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने धातू कापायचं यंत्र, घेतला. ठिणग्या उडाल्या की काहीतरी घडतंय असं वाटतं, विचार एवढाच. दोन महिने पट्ट्या कापल्या, वस्तू एकही झाली नाही. एका हाताने पट्टी टेबलावर दाबायची आणि दुसऱ्या हाताने ग्राइंडर चालवायचा, असा प्रकार चालला होता. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्यामुळे नव्या माणसाला मी आधी व्हाइस, म्हणजे काम दोन जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा, घ्यायला सांगतो. 100 मिमी जबड्याचा पुरतो, पण तो तसूभरही हलता कामा नये. जड बाकाला, शक्यतो पायाच्या बरोबर वर, आरपार बोल्ट घालून आवळा. लाकडात फिरवलेले स्क्रू बघता बघता ढिले होतात. जबड्याची वरची कड साधारण आपल्या कोपराच्या उंचीला यावी. माझा व्हाइस चार बोटं खाली होता. पाठ भरून यायची, कानस डोलायची, पृष्ठभाग मधे फुगीर व्हायचा, आणि मी शिव्या घालायचो कानशीला.

पहिलं काम म्हणून बरेच जण सुरी करायला घेतात. नका घेऊ. त्यात पोलाद तापवून पाणी पाजायचं, म्हणजे झटक्यात थंड करून कडक करायचं, प्रकरण येतं, आणि ते वेगळंच शिक्षण आहे. त्याऐवजी समांतर जबड्यांचा छोटा क्लॅम्प करा, म्हणजे दोन तुकडे एकत्र आवळून धरायचा चिमटा. माइल्ड स्टीलच्या 12 मिमी चौरस सळईचे 75 मिमी लांबीचे दोन तुकडे आणि एम 6 मापाचे, म्हणजे 6 मिमी व्यासाचे, दोन लांब स्क्रू, एवढंच साहित्य. मधला स्क्रू एका जबड्यातल्या मोकळ्या भोकातून जाऊन दुसऱ्यातल्या आट्यांत (भोकातल्या स्क्रूच्या खाचांत) बसतो आणि जबडे जवळ ओढतो. मागचा स्क्रू पहिल्या जबड्यातल्या आट्यांतून येऊन दुसऱ्यातल्या उथळ खळग्यावर टेकतो आणि जबड्यांच्या शेपट्या, म्हणजे मागची टोकं, फाकवतो. शेपट्या फाकल्या की तोंडं आवळली जातात. आखणी, कापणी, कानस, ड्रिल, आटे, सगळं या एका कामात येतं.

कापताना हॅक्सॉच्या (धातू कापायच्या करवतीच्या) ब्लेडचे दात पुढच्या दिशेला हवेत. पुढे जाताना जोर, मागे येताना नुसतं सरकणं. एका वेळी निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत. म्हणून 12 मिमीच्या सळईला इंचाला 18 दातांचं ब्लेड चालतं, पातळ पत्र्याला 32 चं लागतं. रेघेवर कापू नका, अर्धा-एक मिलिमीटर बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीवर सोडा. कानशीत कीस अडकून ओरखडे पडायला लागले तर आधी ब्रशने झाडा, मग दातांवर खडू घासा. उपाय जुना आहे, पण अजून चालतो.

भोकाआधी सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने) खूण माराच, नाहीतर ड्रिलचं बिट भरकटतं. आधी 3 मिमीचं भोक, मग एम 6 च्या आट्यांसाठी 5 मिमीचं. हिशोब सोपा आहे: स्क्रूच्या व्यासातून शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर वजा करायचं, 6 वजा 1. मोकळं भोक 6.5 मिमीचं ठेवा. एकदा मी पातळ पत्रा हाताने धरून ड्रिल मारत होतो. बिट पलीकडे निघताना पत्र्यात अडकलं आणि पत्रा पंख्यासारखा फिरला. अंगठ्यावरची खूण अजून आहे. काम क्लॅम्पने किंवा व्हाइसमध्ये धरा आणि डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच. ड्रिलजवळ हातमोजे मात्र घालू नका, ते गुंडाळले जातात आणि सोबत हात ओढतात.

आटे पाडणं हे खरं संयमाचं काम. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, पहिल्या दोन फेऱ्यांतच तिरका जातो, म्हणून तेवढ्यात दोन बाजूंनी गुण्या लावून बघा. तेल घाला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. हाताला अडल्यासारखं वाटलं तर जोर करू नका, उलटा फिरवून बाहेर काढा. माझा टॅप शेवटच्या भोकात तुटला, चहा गार होतोय म्हणून घाई केली होती. तुटलेला टॅप साध्या बिटने निघत नाही, कारण तो बिटाइतकाच कडक असतो. तो जबडा भंगारात गेला. नवा तुकडा कापण्यापासून सगळं परत केलं.

तयार झालेल्या क्लॅम्पचा एक स्क्रू किंचित तिरका आहे. दुसरा क्लॅम्प करताना दोन्ही जबडे एकत्र आवळून मधलं भोक एकदमच 5 मिमीने आरपार पाडलं, मग एकाच जबड्यातलं 6.5 पर्यंत वाढवलं. भोकं अगदी समोरासमोर आली. आवळायला पहिलाच क्लॅम्प वापरला.