दुचाकीवरचा वाटाड्या: जीपीएस यंत्र घ्यावे की फोनवर भागवावे?

मोटारीत फोन डॅशबोर्डवर टेकवला की काम भागते. दुचाकीवर तोच फोन ऊन, पाऊस, धूळ आणि इंजिनाचे हादरे एकाच वेळी सोसत असतो. म्हणून कोणते अ‍ॅप, हा प्रश्न दुसरा. स्क्रीन उन्हात दिसते का, वीज पुरते का आणि माउंट (फोन हँडलवर धरून ठेवणारी पकड) हादरे खातो का, हे आधी पाहायचे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. महाराष्ट्र, गोवा, उत्तर कर्नाटक एवढ्या पट्ट्यात फिरणाऱ्या बहुतेकांना महागड्या जीपीएस यंत्राची गरज नाही. रोजच्या वापरातला महाग फोन हँडलवर लावणेही बरे नाही. घरात पडून असलेला, पण बॅटरी शाबूत असलेला जुना अँड्रॉइड फोन, त्यात ऑफलाइन नकाशे आणि गाडीवरून नीट काढलेली वीज, एवढ्यात काम चोख होते. खरा फोन खिशात राहतो. अपघात झाला, गाडी आडवी झाली, तर मदत मागायला हाताशी चालू फोन असणे फार महत्त्वाचे आहे.

रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही

फोनमधला जीपीएस सिमकार्डावर अवलंबून नसतो. जागा उपग्रहांवरून कळते. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवायला, रहदारी कळायला आणि सुरुवातीला उपग्रह चटकन सापडायला. सिम नसलेला फोन जागा पकडायला वेळ घेतो, कारण प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील रेडिओवरून पाठवतो आणि तो पूर्ण मिळायला ३० सेकंद लागतात. मध्ये इमारत आली, सिग्नल तुटला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे निघण्याआधी दोन-तीन मिनिटे फोन मोकळ्या आकाशाखाली स्थिर ठेवा. पार्किंगमधून निघून चालत्या गाडीवर जागा शोधायला लावले तर पहिले दोन चौक हमखास चुकतात.

घाटात बाण रस्ता सोडून दरीत दिसतो, त्याचे कारण वेगळे. कड्यावर आपटून आलेला सिग्नल थेट आलेल्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि अंतर चुकते. उपग्रहांच्या एल १ आणि एल ५ अशा दोन्ही वारंवारितांवर चालणारे फोन ही चूक बरीच कमी करतात. आपला फोन एल ५ घेतो का, हे जीपीएसटेस्टसारख्या मोफत अ‍ॅपमध्ये उपग्रहांच्या यादीत दिसते. बोगद्यात मात्र सगळेच आंधळे. कशेडीच्या बोगद्यात फोन शेवटच्या वेगावरून अंदाजाने बाण पुढे सरकवतो, म्हणून बाहेर पडल्या पडल्या मिळालेल्या सूचनेवर लगेच वळू नका.

यंत्र कोणी घ्यावे

गार्मिनचे झुमो किंवा टॉमटॉमचे रायडर ही खास दुचाकीसाठी बनवलेली यंत्रे. हातमोज्यांनी चालणारी, भर उन्हात दिसणारी, पावसाला दाद न देणारी स्क्रीन हा त्यांचा खरा फायदा. किंमत चांगल्या फोनइतकी किंवा त्याहून जास्त. वर्षातले बरेच आठवडे लांबच्या प्रवासात असणाऱ्याने, किंवा युरोप-अमेरिकेत राहून तिथल्या डोंगरांत फिरणाऱ्याने ती जरूर घ्यावीत. परदेशातून आणवणार असाल तर त्यात भारताचा नकाशा आहे का, की तो वेगळा विकत घ्यावा लागेल, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. शिवाय आपल्याकडची गल्ली, हॉटेल, पंक्चरवाला शोधण्यात ही यंत्रे गूगलच्या मागे आहेत.

मधला पर्याय म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधली अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) दाखवणारी पाच-सहा इंची जलरोधक स्क्रीन. फोन खिशात किंवा टँक बॅगमध्ये राहतो, स्क्रीनला ब्लूटूथ आणि वाय-फायने जोडला जातो. पावसाचा प्रश्न सुटतो, पण सगळे काम फोनच करत असल्याने तो तापतो आणि त्याची बॅटरी उतरते. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० च्या गोल पडद्यावर दिसणारा गूगलचा नकाशाही फोनवरूनच येतो. त्यांच्याच मेटिअर गाडीपासून आलेला ट्रिपर हा छोटा पडदा नकाशा दाखवत नाही, फक्त बाण आणि अंतर दाखवतो. एकट्याने चालवताना ते पुरेसे असते, लक्षही कमी वेधते.

कोणत्या अ‍ॅपचा भरवसा कशासाठी

शहरात आणि महामार्गावर गूगल मॅप्स. दुचाकीचा वेगळा पर्याय त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये आणला, तो पहिल्यांदा भारतातच. मार्ग शोधताना वर दुचाकीचे चिन्ह निवडले आहे ना, हे दर वेळी बघा. चुकून मोटारीचे राहिले तर अ‍ॅप तुम्हाला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे–वरळी सागरी सेतू, मुंबईचा सागरी किनारा मार्ग किंवा पूर्व मुक्त मार्ग दाखवेल, आणि या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. मुंबईहून पुण्याला निघालात तर मार्ग खोपोलीवरून जुन्या शिंग्रोबाच्या घाटाने जातो का, एवढे पाहिले तरी चूक लक्षात येते.

इथे एक उलटी चूकही होते. ‘टोल टाळा’ हा पर्याय बरेच जण सवयीने चालू ठेवतात. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, पण अ‍ॅप मात्र टोलनाका दिसला की पुणे–साताऱ्यासारखा सरळ महामार्ग सोडून गावांतून फिरवत नेते. तो पर्याय बंद ठेवा.

रेंज नसलेल्या भागासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी अ‍ॅप हवीत. ऑर्गॅनिक मॅप्स फुकट, जाहिरातींविना आणि जुन्या फोनवरही हलके चालते. त्यात दुचाकीचा पर्याय नाही, म्हणून मोटारीचा निवडून सेटिंगमध्ये द्रुतगती मार्ग टाळा आणि कच्चे रस्ते टाळा असे दोन्ही चालू करा. ऑस्मॅन्ड शिकायला जड, पण त्यात मोटरसायकलचा वेगळा पर्याय आहे आणि जीपीएक्स फाइल (मार्ग साठवून वाटता येणारी फाइल) उत्तम चालते. फुकट आवृत्तीत नकाशे उतरवण्याची मर्यादा सातची आहे. राज्यांच्या फाइली मोजून घ्या, कारण अद्ययावत करणेही त्यात धरले जाते. मॅपमायइंडियाचे मॅपल्स गतिरोधक, खड्डे आणि तीव्र वळणांची आगाऊ सूचना देते. रात्री अनोळखी राज्यमार्गावर त्याचा उपयोग होतो. कॅलिमोटो, कुर्विगर ही वळणावळणाचे रस्ते शोधून देणारी जर्मन अ‍ॅप. आपल्याकडे वळणे पुष्कळ, पण रस्त्याची अवस्था त्यांना ठाऊक नसते, म्हणून तिथला मार्ग गूगलच्या उपग्रह चित्रावर तपासूनच घ्या.

गूगलवर ऑफलाइन नकाशा उतरवताना चौकोन मुक्कामापुरता न घेता पूर्ण वाटेचा घ्या. ऑफलाइन असताना रहदारी आणि पर्यायी मार्ग मिळत नाहीत. उतरवलेले नकाशे ठरावीक मुदतीनंतर बाद होतात, तेव्हा आदल्या रात्री वाय-फायवर ते अद्ययावत करून फोन विमान मोडवर टाका आणि मार्ग निघतो का पाहा. हीच खरी चाचणी. लडाख किंवा काश्मीरला जाणार असाल तर इतर राज्यांतले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, फक्त पोस्टपेड चालते. प्रीपेडवाल्याचे सगळे काम ऑफलाइन नकाशावरच.

गटाने जाताना ठरलेला मार्ग जीपीएक्स फाइलने वाटला जातो, आणि इथेच गोंधळ होतो. जीपीएक्समध्ये ‘ट्रॅक’ ही आखलेली रेघ असते, ती बदलत नाही. ‘रूट’ म्हणजे फक्त काही ठिकाणे. त्यांच्या मधला रस्ता प्रत्येक यंत्र आपापल्या नकाशावरून नव्याने काढते, म्हणून एकाच फाइलने दोघे दोन वाटांना लागतात. सर्वांना एकाच रस्त्याने जायचे असेल तर ट्रॅक पाठवा. गूगल मॅप्सचे फोनवरचे अ‍ॅप जीपीएक्सच्या रेघेवर दिशा सांगत नाही. त्यात थांबे टाकून मार्ग बांधावा लागतो, तेही नऊपर्यंतच.

नकाशा जिथे चुकतो

अंतर कमी दिसले म्हणून रस्ता आहे असे धरू नका. कर्जतहून भीमाशंकर सरळ रेषेत जवळ आहे, पण खांडसवरून वर जाते ती पायवाट. पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे वारंवार बंद होतो, अ‍ॅपला ते उशिरा कळते. अशा वेळी महाड किंवा भोरच्या पंपावर विचारलेले उत्तर अधिक खरे असते. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. अंधारात पाण्यात उतरणारा रस्ता दिसला तर मागे फिरा, अ‍ॅप काहीही सांगो.

कोकणात किनाऱ्याने जाताना फेरीबोटी हिशेबात घ्या. दिघी–आगरदांडा, वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या बोटींनी दुचाकी नेता येते आणि खाडीचा मोठा वळसा वाचतो. अ‍ॅपमध्ये ‘फेरी टाळा’ बंद ठेवा आणि जेट्टीलाच थांबा म्हणून टाका. संध्याकाळी निघणार असाल तर शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर जेट्टीवरून उलटे यावे लागते.

माउंट

सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने स्वतःच जाहीर केले की जास्त ताकदीच्या मोटरसायकल इंजिनांचे हादरे हँडलमधून सतत बसले तर आयफोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. तशी यंत्रणा असलेला कोणताही फोन याला अपवाद नाही. म्हणून जुना फोन निवडताना ती नसलेला साधा फोन मिळाला तर उत्तम. महाग फोनच लावायचा असेल तर रबर किंवा सिलिकॉनचा हादरेरोधक भाग असलेला माउंट घ्या. साध्या क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातल्याने पकड सुधारते, हादरे मात्र थांबत नाहीत.

बहुतेक गाड्यांचे हँडल क्लॅम्पच्या जागी २२ मिमी जाडीचे असते, काही साहसी गाड्यांचे मध्यभागी २८.६ मिमी. मोजून घ्या. माउंट हँडलच्या मध्याजवळ लावा, टोकाकडे हादरे वाढत जातात. स्कूटरवर आरशाच्या दांड्याला लावायचा माउंट सोपा. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, जोर लावून ते कापू नका. बोल्टांना निळे थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, पहिल्या लांब फेरीनंतर पुन्हा आवळा आणि फोनला एक दोरी बांधून ती हँडलला अडकवा.

पक्के बसवण्यापूर्वी गॉगल घालून स्क्रीन उभी आणि आडवी धरून बघा. पोलराइज्ड काचेतून काही स्क्रीन एका दिशेने साफ काळ्या दिसतात.

वीज

पूर्ण उजेडावर नकाशा चालवणाऱ्या फोनला ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर पुरत नाही. चार्जिंगचे चिन्ह दिसत राहते आणि टक्के उतरत राहतात. किमान ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, झाकण असलेला जलरोधक चार्जर घ्या.

तो बॅटरीवर थेट जोडला तर किल्ली काढल्यावरही थोडा करंट खात राहतो आणि पंधरा दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते. म्हणून चार पिनांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरा. टेस्ट लॅम्पने किल्ली चालू केल्यावरच जिवंत होणारी तार शोधा आणि ती रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पिनेला द्या. ८५ अर्थला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमधून ३० ला, आणि ८७ वरून चार्जरला. एका पोर्टसाठी ३ अँपिअर, दोन वेगवान पोर्टांसाठी ५ अँपिअर फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण फ्यूजच्या आधीची तार घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काही नसते. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढा, काम संपल्यावर तोच शेवटी जोडा. तार बांधून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. कुठे ताण येत असेल किंवा थ्रॉटलच्या केबलला अडत असेल तर ती जागा काही महिन्यांत तुटणार.

ऊन आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये विदर्भात फोन बंद पडतो तो उष्णतेने. आयफोनसाठी बाहेरच्या हवेची शिफारस ३५ अंशांपर्यंतच आहे आणि नागपूर ४५ च्या आसपास जाते. आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबते, मग फोन विझतो. काळे कव्हर काढा, वायरलेस चार्जर वापरू नका (तो स्वतःच फोन तापवतो), आणि सरळ महामार्गावर स्क्रीन बंद करून फक्त आवाजावर चाला. चहाला थांबल्यावर फोन उन्हात लटकत ठेवू नका.

पावसात अडचण वेगळी. थेंब बोटासारखे काम करतात आणि नकाशा आपोआप सरकतो, कधी मार्गच रद्द होतो. पोर्टमध्ये ओल गेली की फोन चार्जिंग नाकारतो. प्लास्टिकच्या पाऊचला आतून वाफ धरते. मुसळधार पावसात सर्वांत चांगला उपाय म्हणजे फोन रेनकोटच्या आतल्या खिशात आणि सूचना हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर. ब्लूटूथ जागा होईपर्यंत ‘दोनशे मीटरवर’ हे पहिले शब्द गिळले जात असतील, तर गूगल मॅप्समध्ये ब्लूटूथवर फोन कॉलसारखा आवाज ऐकवण्याचा पर्याय चालू करा. आवाजाची भाषा मराठी ठेवली तर गावांची नावे ओळखू येतात.

कायद्याचे दोन मुद्दे

१ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालकाला फोन फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. म्हणजे माउंटवरचा नकाशा चालतो, एका हातात धरलेला फोन नाही. मार्ग बदलायचा असेल तर गाडी कडेला घ्या.

दुसरा मुद्दा परदेशातून येणाऱ्या मराठी रायडरांसाठी. गार्मिन इनरीचसारखे उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय जवळ बाळगणेही बेकायदा आहे, आणि विमानतळावर त्यावरून परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. काही हातातल्या जीपीएस यंत्रांतही इनरीच बसवलेले असते. मॉडेलच्या आकड्यानंतर ‘आय’ (i) अक्षर असेल तर ते घरीच ठेवून या.