स्ट्रिप दहाची की पंधराची, आधी हातात घेऊन मोजा

बीसीए झाल्यावर बेळगावातल्या मेडिकल दुकानांना सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, शिकवायचं आणि अडलं की धावत जायचं, हे काम मी धरलं. आता तुम्ही या कामात नव्याने येताय, म्हणून हे लिहिते. बिलिंग, बॅच, एक्स्पायरी तुम्हाला ठाऊक असणारच. कोल्हापूरच्या म्हणजे परराज्यातल्या होलसेलरचा माल आला तर कर आयजीएसटी, इथलाच म्हणजे कर्नाटकातला असला तर सीजीएसटी-एसजीएसटी. पार्टीचं, म्हणजे माल देणाऱ्याचं, राज्य नीट भरलं की ते मिटतं. मला बोलायचं आहे ते आयटम मास्टरमधल्या, म्हणजे दुकानातल्या सगळ्या औषधांच्या यादीतल्या, पॅकिंगच्या एका रकान्याबद्दल. एका स्ट्रिपमध्ये किती गोळ्या, ते तिथे भरतात.

पहिल्याच वर्षी एका दुकानात बीपीच्या गोळीचं पॅकिंग बदलून आलं. आधी स्ट्रिपमध्ये 10 गोळ्या असायच्या, आता 15. मी जुनाच आयटम उघडला, 10 चे 15 केले आणि सेव्ह केलं. ड्रॉवरमध्ये 10 च्या 40 स्ट्रिप शिल्लक होत्या, त्याकडे बघितलंच नाही. कॉम्प्युटरच्या हिशेबी 400 गोळ्यांच्या क्षणात 600 झाल्या. येळ्ळूरचे एक आजोबा महिन्याचं औषध न्यायला आले, रोज एक गोळी. स्क्रीनवर 30 गोळ्यांना दोन स्ट्रिप दिसल्या. काउंटरवरच्या मुलाने जुन्या मालातल्या दोन काढून दिल्या. बिल बॅचच्या, म्हणजे त्या जुन्या मालावर छापलेल्या, एमआरपीने बनलं, त्यामुळे पैशातही फरक दिसला नाही. आजोबा 20 गोळ्या घेऊन घरी गेले. सॉफ्टवेअरने 30 गोळ्या धरल्या होत्या, म्हणून 'औषध संपत आलंय' हा मेसेज त्यांना गेला 27 व्या दिवशी. मेसेज आल्यावरच दुकानात जायचं, असं आम्हीच त्यांना सांगून ठेवलं होतं. सात दिवस गोळीविना काढून ते आले तेव्हा काउंटरची कड धरून उभे होते. ती कड धरलेली बोटं मला अजून दिसतात.

म्हणून सांगते, पॅकिंग बदललं की जुन्या आयटमला हात लावायचा नाही. नवा आयटम करा, नावातच '10 चं', '15 चं' लिहा आणि जुना माल शून्यावर आला की मगच जुना आयटम बंद करा. खरेदीची नोंद करताना बिलावर विसंबू नका, स्ट्रिप हातात घ्या, गोळ्या मोजा. स्टॉक मायनसमध्ये जाऊ देणारी सेटिंग बंदच ठेवा. ती चालू असली की असली चूक महिनोन्‌महिने झाकून राहते.

दुसऱ्या दुकानाचा तयार मास्टर कॉपी करून देणारे भेटतील. घेऊ नका, त्यांच्या चुकाही सोबत येतात. दोन हजार आयटम स्वतः तपासायला मला तीन आठवडे लागले, आणि खरं शिक्षण तेच. शिकायचं तर कंपनीच्या ट्रेनरपेक्षा वीस वर्षं काउंटरला उभ्या असलेल्या फार्मासिस्टकडे शिका. कुठली दोन नावं एकसारखी दिसतात, कुठलं औषध रोज नसून आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, हे ते बोटावर सांगतात. एच1 चं, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांचं, रजिस्टरही त्यांच्याच शेजारी बसून भरा. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे विक्रीच्या वेळीच लिहायचं असतं आणि तीन वर्षं जपायचं असतं.

घाबरू मात्र नका. पहिले दोन महिने सगळ्यांनाच जड जातात, आणि चूक त्याच दिवशी मालकाला सांगितली तर बहुतेक वेळा सुधारता येते. मी त्या संध्याकाळी सांगितली. मालक काका रागावले, पण रात्री अकरापर्यंत माझ्यासोबत स्ट्रिपा मोजत बसले.

आता दुकान लावून देताना मी पेशंटच्या नोंदीत भाषेचा रकाना न चुकता भरून घेते. आपल्याकडे एकाच घरात सासू मराठी वाचते आणि सून कन्नड. पाकिटावर 1-0-1 (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) छापून भागत नाही. 'जेवणानंतर' की कन्नडमध्ये 'ऊटद नंतर', हे विचारूनच छापा. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी सकाळचा सूर्य आणि रात्रीचा चंद्र काढा, आणि किती गोळ्या दिल्या तो आकडा खाली पेनाने लिहा.