काळी पट्टी मारली म्हणजे झालं का? कर्मचाऱ्यांची खासगी माहिती चव्हाट्यावर आणणाऱ्या चुका

सरकारी कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा, कार्यालयाचा फोन आणि महिन्याचा पगार या चार गोष्टी झाकायच्या नसतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधल्या १७ बाबींपैकी नववी बाब म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि दहावी म्हणजे प्रत्येकाचं मासिक वेतन. कुणी मागण्याची वाट न बघता कार्यालयाने ती जाहीर करायची असतात. भानगड होते ती त्यांना चिकटून जे बाहेर जातं त्याची: पॅन, बँक खातं, घरचा पत्ता, नवऱ्याचं ऑपरेशन, मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र, घटस्फोटाचा निकाल. यात सहसा कुणाचा वाईट हेतू नसतो. कार्यालयीन कामासाठी केलेला तक्ता होता तसाच संकेतस्थळावर चढवला जातो, एवढंच. आणि मग तक्त्यातलं काय खोडायचं यावर खल सुरू होतो. खोडत बसू नका. जाहीर करायचा तक्ता कोऱ्या पानावर नव्याने बनवा. खाली जे सांगितलंय त्यातलं निम्मं या एका सवयीने टळतं.

पीडीएफवर काळी पट्टी

ही चूक सगळ्यात जुनी आणि अजूनही रोजची. पीडीएफ उघडायची, आधार क्रमांकावर आयत काढायचा, काळा रंग भरायचा, सेव्ह करून पाठवायची. पडद्यावर आकडे दिसत नाहीत म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. आता तीच फाईल उघडा, कंट्रोल ए आणि कंट्रोल सी दाबा आणि नोटपॅडमध्ये कंट्रोल व्ही करा. पट्टीखालचं सगळं उतरतं, कारण पट्टी ही मजकुरावर ठेवलेली वेगळी वस्तू आहे. मजकूर फाईलमध्ये जागच्या जागी आहे. वर्डमध्ये काळं हायलाइट केलेलं किंवा अक्षरं पांढरी करून लपवलेलं असेल, तर एवढेही कष्ट पडत नाहीत.

स्कॅन केलेली फाईल आहे म्हणूनही गाफील राहू नका. स्कॅनरवर 'सर्चेबल पीडीएफ' चालू असेल तर चित्रामागे ओळखलेल्या अक्षरांचा एक अदृश्य थर तयार होतो. चित्रावर पट्टी मारली तरी तो थर शाबूत असतो.

मराठी फाईलींची आणखी एक गोची आहे. बऱ्याच कार्यालयांत अजून युनिकोडपूर्व फॉन्टमधली टंकलिखित पत्रं फिरतात. अशा पीडीएफमध्ये कंट्रोल एफ करून 'आधार' शोधलं तर काहीच सापडत नाही, आणि तपासणारा खूश होतो. मजकूर तिथंच असतो, फक्त संगणकाला तो वेगळ्या चिन्हांत दिसतो. म्हणून शोध घेऊन तपासणं कुचकामी, चिकटवूनच बघायचं. नोटपॅडमध्ये अगम्य रोमन खुणांचा पसारा उतरला तर मजकूर बाहेर येतोय असं समजा. फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनात टाकला की त्याचं सरळ मराठी होतं.

उपाय दोन. कागदावर करायचं असेल तर प्रिंट काढा, झाकायच्या जागेवर जाड पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा, तिच्यावर 'कलम ८(१)(ञ) नुसार वगळले' (माहिती अधिकारातलं खासगी माहिती वगळण्याचं कलम) असं लिहा, त्या पानाची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सचं स्कॅनिंग करा. २०० डीपीआय पुरे, अक्षर-ओळख बंद. नुसत्या मार्करवर माझा विश्वास नाही. लेझर प्रिंटचा टोनर मार्करच्या शाईखाली चमकतो. पान उजेडासमोर धरलं किंवा स्कॅनचा ब्राइटनेस वाढवला की आकडे वाचता येतात. संगणकावरच करायचं असेल तर अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये 'रिडॅक्ट' आहे. तिथं खूण करून थांबणारे खूप. 'अप्लाय' दाबल्याशिवाय काहीही पुसलं जात नाही. पैसे नसतील तर लिबरऑफिस फुकट आहे. त्याच्या टूल्स मेनूतलं 'रिडॅक्ट' वापरून पीडीएफ काढली की पानाचं चित्र बनतं आणि खालचा मजकूर उरत नाही.

संकेतस्थळ २ एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही म्हणून फुकटच्या ऑनलाइन साइटवर पीडीएफ लहान करून आणणाऱ्यांना हात जोडून विनंती: अडीचशे शिक्षकांचे खाते क्रमांक कुठल्या देशातल्या सर्व्हरवर ठेवून आलात, याचा एकदा विचार करा.

वेतन जाहीर करताना अख्खं वेतन देयक चढवणे

दहावी बाब मासिक वेतन मागते, म्हणून सेवार्थमधून, म्हणजे राज्य सरकारच्या वेतन प्रणालीतून, काढलेलं देयक तसंच्या तसं चढवलं जातं. त्यात डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता. इथपर्यंत ठीक. उजव्या बाजूला वजाती. पतसंस्थेचा हप्ता, भविष्य निर्वाह निधीतून उचललेल्या अग्रिमाची वसुली, विम्याचा हप्ता आणि कधी कधी न्यायालयाच्या आदेशाने होणारी पोटगीची कपात. सरकारी पैसा किती गेला हे कळण्याचा लोकांना हक्क आहे. तो माणूस कोणाचं देणं लागतो, हे त्यात येत नाही.

याहून बारीक गोष्ट व्यवसाय कराच्या रकान्यात दडलेली असते. ठरावीक पगारावरच्या बहुतेकांचे दरमहा २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना या करातून सूट आहे, आणि बौद्धिक दिव्यांग मुलाच्या पालकांनाही. म्हणजे सत्तर हजार पगाराच्या ओळीत व्यवसाय कर शून्य दिसला, की कार्यालयातल्या चौकस माणसाला जे कळायचं ते कळलं. आजाराबद्दल काही न लिहिता एका कोऱ्या चौकटीने घरातली गोष्ट बाहेर काढली. दिव्यांगांना वाहतूक भत्ता वेगळ्या दराने मिळतो, म्हणून तो रकानाही तेच बोलतो.

जाहीर करायच्या तक्त्यात चारच रकाने ठेवा: अनुक्रमांक, नाव, हुद्दा, एकूण मासिक वेतन. भत्त्यांची फोड द्यायचीच असेल तर दराच्या शासन निर्णयाचा हवाला द्या, माणसागणिक फोड नको. सेवार्थ आयडीही नको. त्यात नावाची आद्याक्षरं, लिंग आणि जन्मवर्षाचे शेवटचे दोन अंक असतात.

एक्सेलचे लपवलेले रकाने

'हाइड' केलेला रकाना 'अनहाइड' होतो. गरजेचे रकाने नव्या कोऱ्या फाईलमध्ये 'पेस्ट व्हॅल्यूज'ने घ्या आणि पीडीएफ करून टाका. एक्सेल फाईल चढवायचीच कशाला?

बदलीच्या याद्या

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत सवलत मिळणाऱ्यांचा विशेष संवर्ग भाग १ असतो: कर्करोग, डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया, दिव्यांग, मतिमंद मुलांचे पालक, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, कुमारिका. हरकती मागवायच्या म्हणून यादी जाहीर होते आणि शेवटच्या रकान्यात 'सवलतीचे कारण' पूर्ण लिहिलेलं असतं. त्याच संध्याकाळी ती तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असते आणि पुढची पाच वर्षं गूगलवर. शिक्षिकेचं नाव शोधणाऱ्या पालकाला शाळेच्या आधी तिचा घटस्फोट दिसतो.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: खोटी प्रमाणपत्रं देणारे आहेत, यादी उघडी ठेवली नाही तर पकडणार कसे? प्रश्न खोटा नाही. बोगस प्रमाणपत्रांनी खऱ्या आजाऱ्यांच्या जागा जातात, हे मान्य. पण त्यासाठी आजार अख्ख्या जगाला दिसण्याची गरज नाही. जाहीर यादीत नाव, शाळा, तालुका, 'विशेष संवर्ग भाग १' आणि सेवाज्येष्ठतेचा क्रम एवढं ठेवा. कारण आणि प्रमाणपत्राचा तपशील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडच्या नोंदवहीत. त्याच बदली प्रक्रियेतल्या शिक्षकाला हरकत घ्यायची असेल तर लेखी अर्ज करून, सही करून ती वही बघू द्या, फोटो काढू देऊ नका. हरकतीची मुदत संपली की यादी उतरवा. उतरवण्याची तारीख यादी चढवतानाच टिपणीत लिहून ठेवायची; नंतर कुणाला आठवत नाही.

हीच गत वैद्यकीय खर्च प्रतिपूर्तीच्या मंजुरी आदेशांची. कर्मचाऱ्याचं नाव, 'यांच्या पत्नी', रुग्णालय, आजार, रक्कम, सगळं एका परिच्छेदात. हे आदेश संकेतस्थळावर पोचतात त्याला कारण साचा. जुना शासन निर्णय उघडून त्यात नाव बदलायचं, तर खालचं 'सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक…' हे वाक्यही तसंच राहतं. वाक्य आहे म्हणून संकेतांक घ्यायचा, संकेतांक घेतला म्हणून चढवायचं. एका माणसाच्या खर्चाची मंजुरी ज्ञापनाने काढा आणि कोषागार, कर्मचारी, लेखा शाखा एवढ्यांनाच प्रत द्या. शासन निर्णयच लागत असेल तर मुख्य भागात रक्कम आणि लेखाशीर्ष, आणि रुग्णाचा तपशील न चढवायच्या सोबतपत्रात.

अनुकंपा प्रतीक्षा सूची

इथं तर कर्मचारी हयातच नसतो. उघडं पडतं ते त्याचं कुटुंब. पारदर्शकतेसाठी सूची जाहीर करायलाच हवी, कारण नंबर डावलल्याच्या तक्रारी असतात. पण मोबाइल नंबर, घरचा पत्ता आणि जन्मतारीख? वडील गेलेत, नोकरीची आशा आहे, घरात पैशाची चणचण आहे आणि फोन नंबर समोर आहे. 'तुमची फाईल वर आलीय, शुल्क भरा' म्हणणाऱ्या भामट्याला आणखी काय हवं? सूचीत दिवंगत कर्मचाऱ्याचं नाव व शेवटचं कार्यालय, वारसाचं नाव, अर्जाची तारीख आणि क्रम एवढं पुरतं. 'वयाची ४५ वर्षे पूर्ण होण्याचा दिनांक' हा रकाना काढा. त्यातून ४५ वजा केले की जन्मतारीख हातात येते.

ज्येष्ठता सूचीतही तेच. जन्मदिनांक काढून सेवानिवृत्तीचा दिनांक ठेवला तर काय साधलं? गट क चा माणूस ५८ पूर्ण होणाऱ्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणजे महिना आणि वर्ष कळलंच.

एकेका ओळीत

- आधारचे पहिले ८ अंक झाकले आणि क्यूआर कोड तसाच ठेवला: त्यात नाव, जन्मतारीख आणि पत्ता असतो, आणि २०१८ आधीच्या कार्डांवर अख्खा क्रमांकही. क्रमांक कार्डावर एकाहून जास्त ठिकाणी छापलेला असतो, मागची बाजूही बघा. आधार कायद्याचं कलम २९(४) क्रमांक जाहीर करायला मनाई करतं.
- ट्रेसेसवरून (आयकर विभागाचं टीडीएसचं संकेतस्थळ) उतरवलेल्या फॉर्म १६ च्या फाईलचं नावच पॅनने सुरू होतं. आतलं झाकून उपयोग नाही.
- निवडणूक कामाच्या भत्त्यासाठी गोळा केलेले खाते क्रमांक आणि मतदार ओळखपत्र क्रमांक प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकू नका. 'साहेबांना आत्ता पाहिजे' हे कारण नव्हे.
- आपत्ती व्यवस्थापन आराखड्याच्या परिशिष्टात तलाठी-ग्रामसेवकांचे निवासी पत्ते घालू नका. नियंत्रण कक्षाचा आणि कार्यालयाचा नंबर द्या.

उलटी चूक: सगळंच नाकारणे

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. त्या पोटकलमातला लोकहिताचा अपवाद आणि 'संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाही' हे परंतुक गेलं. तेव्हापासून काही जनमाहिती अधिकाऱ्यांना जादूची छडी सापडल्यासारखं झालंय: अर्जात कर्मचाऱ्याचं नाव दिसलं की 'वैयक्तिक माहिती' म्हणून एका ओळीत परत. कलम ८(२) जागेवर आहे. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम ४ जागेवर आहे. कलम १० जागेवर आहे: द्यायचा भाग वेगळा करून द्या आणि काय वगळलं, का, निर्णय कुणाचा, अपील कुठं, हे पत्रात लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१९ मध्ये वैद्यकीय नोंदी, कुटुंबीयांची माहिती, मत्ता-दायित्व, गोपनीय अहवाल हे खासगी मानलं, पण लोकहिताची तपासणी करायला सांगूनच.

कर्मचाऱ्याने गोपनीय म्हणून दिलेली माहिती देण्याचा विचार असेल तर कलम ११ ची नोटीस अर्ज आल्यापासून ५ दिवसांत, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस, निर्णय ४० दिवसांच्या आत. नोटीस काढणं म्हणजे त्याला नकाराधिकार देणं नव्हे. त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं, निर्णय अधिकाऱ्याचाच.

चुकून चढलीच असेल तर

पानावरून लिंक काढली म्हणजे फाईल गेली असं नाही. लिंक नसली तरी जुना पत्ता टाकला की ती उघडते आणि गूगललाही सापडते. कर्मचाऱ्याने विभागप्रमुखाला लेखी कळवताना फाईलचा पूर्ण पत्ता, पान क्रमांक आणि रकान्याचं नाव द्यावं. 'माझी माहिती काढा' एवढ्यावर कुणी हलत नाही. त्या पत्रात आपला खाते क्रमांक पुन्हा लिहू नये, तेही आवक नोंदवहीत जातं. कार्यालयाने गूगलच्या सर्च कन्सोलमधून काढण्याची विनंती करावी; ती साधारण ६ महिनेच टिकते, तेवढ्यात मूळ फाईल गेलेली हवी. मूळ फाईल गेल्यावर गूगलच्या कालबाह्य मजकुराच्या साधनातून कर्मचारी स्वतःही विनंती करू शकतो.

सुधारलेली फाईल चढवताना एक खाच आहे. वर्डप्रेसवर त्याच नावाची फाईल टाकली की नव्या फाईलच्या नावापुढे '-१' लागतं आणि जुनी जागेवरच राहते. आधी जुनी मीडिया लायब्ररीतून कायमची पुसा, तिचा पत्ता खासगी विंडोत उघडून 'सापडत नाही' येतंय का बघा, मगच नवी चढवा.