पीईओची फिल्म बनवताय? आधी कूलर बंद करा
एमएस्सीच्या प्रोजेक्टला लिथियम बॅटरीचा इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडमध्ये आयन वाहून नेणारा पदार्थ) घेतला असेल तर बाजारातल्या सेलमधल्या लिक्विडच्या नादी लागू नका बाप्पा. लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेटवाल्या त्या लिक्विडची कंडक्टिव्हिटी मस्त, सेंटीमीटरला १० मिलिसीमेन्सच्या आसपास, पण जरा पाणी लागलं की एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड, विषारी) तयार होतो, ग्लोव्हबॉक्स (कोरड्या वायूची बंद पेटी) नसेल तर विषय बंद. पॉलिमरची फिल्म घ्या, पीईओ (पॉलिएथिलीन ऑक्साइड) अन् त्यात लीटीएफएसआय हे लिथियमचं सॉल्ट.

पीईओच्या एका युनिटचं रेणुभार ४४, सॉल्टचं २८७. पीईओच्या २० ऑक्सिजनमागे (युनिटमागे एक) एक लिथियम धरला तर १ ग्रॅम पीईओला ०.३३ ग्रॅम सॉल्ट. आधी पीईओ ५० डिग्रीला अन् सॉल्ट ११०-१२० ला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा, आणि सॉल्ट बाहेर काढून गप्पा मारत बसू नका, हवेतलं पाणी ते लगेच ओढतं. मग फ्यूम हूडखालीच अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये सॉल्ट विरघळवा, पीईओ चिमूट चिमूट टाका, एकदम ओतलं तर गुठळ्या होतात अन् मग बसा ढवळत. मधासारखं घट्ट झालं की टेफ्लॉनच्या डिशमध्ये ओता, झाकण तिरकं ठेवा, सॉल्व्हंट घाईनं उडालं तर बुडबुडे येतात. वरून परत व्हॅक्यूममध्ये ५० ला पूर्ण एक दिवस.

आता आपल्या नागपूरची भानगड. मे महिन्यात ४५ डिग्रीत लॅबमध्ये कूलर लागतोच, पण कूलर म्हणजे पाण्याची हवा, फिल्म ती पिऊन घेते. आपला कोरडा उन्हाळा खरं तर या कामाला बरा, त्याची वाट आपणच कूलरच्या ताट्या भिजवून लावतो. (जुलै-ऑगस्टात तर फिल्म डेसिकेटरच्या (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्याच्या) बाहेर काढूच नका.) आणि ओली फिल्म वाईट रिझल्ट देत नाही ना, चांगला देते, हीच खरी गोम आहे! पाण्यानं पॉलिमर मऊ पडतो, आयन भराभर सरकतात, कंडक्टिव्हिटीचा आकडा वर जातो, पोरगं खुश, गाइड खुश, अन् तीच फिल्म लिथियमला लावली की सगळा सत्यानाश.

मोजायला फिल्म स्टीलच्या दोन चकत्यांत दाबा, इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) १ मेगाहर्ट्झ ते १ हर्ट्झ, १० मिलिव्होल्टवर मोजा. नायक्विस्ट प्लॉटवर (इम्पिडन्सच्या दोन भागांचा आलेख) अर्धगोल संपून शेपटी वर निघते तिथला आडव्या अक्षावरचा आकडा म्हणजे रेझिस्टन्स. कंडक्टिव्हिटीसाठी जाडीला रेझिस्टन्स आणि एरिया दोन्हींनी भागा. १०० मायक्रॉन जाडी, १.६ सेंमी व्यास, ५०० ओहम असेल तर कंडक्टिव्हिटी सेंटीमीटरला १० चा उणे पाचवा घात सीमेन्स येते. २५ डिग्रीला उणे चारच्या घरात गेली तर पार्टी नका करू, परत सुकवा अन् परत मोजा.

'रूम टेंपरेचर' असं तर लिहूच नका, डिसेंबरची रूम वेगळी अन् मेची वेगळी, नेमकी डिग्री लिहा. ३० ते ८० पर्यंत रीडिंग घ्या, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबून, ६० च्या आसपास पीईओ वितळून कंडक्टिव्हिटीचा आलेख वळलेला दिसला पाहिजे. शेवटी सेल उघडून जाडी पुन्हा मोजा, गरम पीईओ दाबाखाली बाजूला सरकतं आणि आपण जुन्या जाडीवरच हिशोब करून राहिलो असतो.